ढोपरां कोणाची?

चतुर्थीच्या आदल्या रात्री घरात निजानीज झाल्यावर मी आजीला माझ्या अ‍ॅनिमेशन फिल्ममधला सहा सेकंदांचा तुकडा दाखवला. तिनेच विचारलं होतं, दिवसभर त्या डब्यात डोकं घालून काय बघतेस म्हणून. लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला, चष्मा शोधून दिला आणि स्पेसबार दाबला. पडद्यावर एक म्हातारी स्वयंपाकघरात येते, जमिनीवर मांडलेल्या आडाळ्यावर, म्हणजे नारळ खोवायच्या विळीवर, बसते आणि नारळाची कवड हातात घेते. संपलं. आजीने तो तुकडा तीनदा बघितला. पहिल्यांदा साडीचा रंग बरा आहे म्हणाली. दुसऱ्यांदा काही बोलली नाही. तिसऱ्यांदा चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत म्हणाली, "हिका ढोपरां कोणाची दिलंस गो?"

मी हसले. म्हटलं, कोणाची म्हणजे, तिचीच. त्यावर आजी फक्त "हां" म्हणाली, आणि लॅपटॉप परत माझ्या हातात देऊन भिंतीला धरत धरत आपल्या खाटेकडे गेली. तो "हां" रात्रभर माझ्या उशाशी बसून होता. बाहेर पाऊस, पडवीत माटवीला बांधलेल्या कवंडळांचा आणि ओल्या पानांचा वास, आणि आत मी जागी. कारण उत्तर मला माहीत होतं.

ढोपरं माझी होती.

अ‍ॅनिमेशन शिकवताना पहिल्या आठवड्यापासून कानीकपाळी ओरडतात की अंदाजाने काही हलवू नका, आधी स्वतः करून बघा, व्हिडिओ काढा, मग बसा. म्हणून मी पुण्यातल्या खोलीत फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. आडाळो नव्हता, तर रूममेटचा योगासनांचा फोमचा ठोकळा जमिनीवर टाकला आणि ट्रॅक पँटवर त्याच्यावर बसले. उठले, बसले, उठले, बसले. बारा टेक झाले. अकराव्याला रूममेट खाटेवरून "आजी, चहा घेणार?" म्हणाली आणि तो टेक हसण्यात गेला. शेवटी सातवा निवडला. त्यात मी उभी असल्यापासून ठोकळ्याला टेकेपर्यंत १८ फ्रेम लागल्या होत्या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद. म्हातारी दिसावी म्हणून मी १८ चे २४ केले, पाठीला बाक दिला, मान थोडी पुढे काढली. केस तर पांढरे होतेच. झाली आजी तयार.

खरं दुखणं असं की सगळ्या फिल्ममध्ये मला अभिमान होता तो त्या गुडघ्यांचाच.

रिगिंग म्हणजे काय हे मी घरी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या प्रकारे सांगून थकले आहे. बाबांना सांगितलं की आधी कागदाच्या लगद्यासारखी एक पोकळ बाई बनवायची, दोन्ही हात पसरून उभी. तिच्या पोटात काही नाही, नुसती कातडी. मग आत एकेक हाड बसवायचं आणि कुठलं हाड हललं की कातडीचा कुठला भाग किती सरकेल, हे ठरवायचं. हे ठरवणं रंगाने होतं. लाल म्हणजे पूर्ण हक्क, निळा म्हणजे काडीचा संबंध नाही, आणि मधे पिवळा, हिरवा. गुडघ्याच्या जागी मांडीचं हाड आणि नडगीचं हाड दोघंही हक्क सांगतात. बाबा तलाठी कार्यालयात आयुष्यभर खेटे घातलेला माणूस, त्यांना हे पटकन कळलं. म्हणाले, म्हणजे सातबाऱ्यासारखंच, एका तुकड्यावर चार चुलत्यांची नावं. अगदी तसंच. सगळ्यांची आणेवारी मिळून एक भरली पाहिजे, आणि एकाचा हिस्सा वाढवला की दुसऱ्याचा आपोआप कमी होतो. वाटणी चुकली की वाकवताना गुडघा चॉकलेटच्या कागदासारखा चुरगळतो. कोर्टात जायची सोय नाही, ब्रश घेऊन पुन्हा रंगवायचं.

बाबांना पटलेली दुसरी गोष्ट म्हणजे हे सगळं ज्यात करते ते ब्लेंडर फुकट आहे. हे सॉफ्टवेअर बंद पडायच्या बेतात होतं तेव्हा २००२ साली जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, मग पावती फाडली होती का. पुढे २०२५ मध्ये त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या एका लाटव्हियन चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि घरात माझी किंमत तात्पुरती वाढली. त्यात एकही माणूस नाही, सगळी जनावरं आहेत, नायक मांजर आहे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, मांजराला बसताना "आई गं" म्हणावं लागत नाही.

तर गुडघा. पायाला दोन प्रकारे हलवता येतं. एक, मांडीपासून सुरुवात करून एकेक सांधा आपण वाकवायचा. दुसरा प्रकार, पाऊल जमिनीवर रोवायचं, कंबर खालीवर करायची आणि मधला गुडघा कसा वाकेल ते संगणकाला काढू द्यायचं. याला आयके म्हणतात. यात एक गंमत आहे, जी कळायला मला अख्खी दुपार लागली होती. पाय अगदी सरळ, काठीसारखा उभा केला असेल तर संगणकाला गुडघा कुठल्या बाजूला वाकवायचा ते समजत नाही. कधी पुढे वाकवेल, कधी कोंबडीसारखा मागे. म्हणून हाडं बसवतानाच गुडघा हलकासा पुढे काढून ठेवायचा. शिवाय गुडघ्यासमोर हवेत एक खूण ठेवतात, पोल टार्गेट. गुडघा सतत त्या खुणेकडे तोंड करून राहतो. मी दोन्ही खुणा अगदी नाकासमोर ठेवल्या होत्या, कवायतीतल्या पोरीसारख्या.

आणि मग तिला खाली बसवायला गेले. तयार मिळणारी रिग चालते, धावते, उडी मारते, खुर्चीत पायावर पाय टाकून बसते. पण जमिनीलगत, एक गुडघा छातीशी आणि दुसरा आडवा, मधे आडाळ्याची फळी, अशी बैठक मारायला लावली की तिचे प्राण कंठाशी येतात. पोटरी मांडीतून आरपार गेली. गुडघ्याची वाटी आत बुडाली. पोट आणि मांडी एकमेकांत अशी शिरली की बघवेना. ज्या बैठकीत आमच्या घरातल्या बायकांनी आयुष्याचा अर्धा भाग काढला, ती त्या शरीरात बसतच नव्हती. आमच्या सरांनी बघितलं आणि दोन उपाय सांगितले. एक, साडी आहे ना वरून, आत काय झालंय कोण बघतंय? दोन, ओट्याशी उभी कर, हल्ली कोण बसतं खाली. दोन्ही उपाय बरोबर होते. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते करू नये, हा या धंद्यातला शहाणपणा आहे आणि मुदत जवळ आलेल्या मुलीला तो पटायला हवा होता. पण मी हट्टाने तीन आठवडे घातले. गुडघ्यापाशी कातडी ज्या जाळीची बनते तिच्या तीन ओळी वाढवल्या, वाटणी पुन्हा रंगवली, पूर्ण घडी पडते तेव्हासाठी कातडीचा वेगळा आकार हाताने घडवून ठेवला, पाय वाकला की तो आपोआप वर यावा असं केलं. आणि एका पहाटे तीनला ती बसली. नीट, न फाटता, न चुरगळता. मी खोलीत एकटीने टाळ्या वाजवल्या.

त्या गुडघ्यांना आजी म्हणाली, कोणाची.

आमचा आडाळो आता दाराआड असतो, पात्याला फडकं गुंडाळून. फळी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. बाबांच्या लग्नात आजीने आणि शेजारच्या काकीने मिळून एका रात्रीत १०० नारळ खोवले होते, ही गोष्ट आमच्या घरात दर चतुर्थीला सांगितली जाते आणि दर वेळी कोणीतरी विचारतं, काकीने किती? आजी म्हणते, ती बोलत होती. आता ओट्याला आवळायचं, मूठ फिरवायचं स्टीलचं यंत्र आहे. आई ते फिरवते. आजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून परातीत पडणारं खोबरं दोन बोटांत चिमटून बघते आणि जाडं येतंय म्हणून नाक मुरडते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून तीन वर्षं झाली. चतुर्थी झाली की बघू, असं ती म्हणते. कुठली चतुर्थी, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत बसले होते आणि आजी तिच्या खुर्चीकडे आली. मी तिला बसताना लाखो वेळा बघितलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आधी ती खुर्ची नीट बघते, जागची हललेली नाही ना. मग पाठ फिरवते आणि बसायच्या आधी पोटरी खुर्चीच्या कडेला लागते का ते चाचपते, कारण आता खुर्ची दिसत नाही. डावा हात भिंतीवर जातो. भिंतीवर त्या जागी रंग काळपट झाला आहे, मी तो आजवर नुसता मळ समजत होते. उजवा तळवा मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर. श्वास थांबतो. गुडघे समोर बघत नाहीत, दोन्ही बाहेर फाकलेले, दोघांचं भांडण होऊन तोंडं फिरवल्यासारखे. मग ती खाली येऊ लागते, हळू, अगदी हळू, ओठ मिटलेले, आणि बसायला चार बोटं राहिली की सोडून देते. धप्प. श्वास सुटतो. आणि दुखऱ्या गुडघ्याकडे नाही, हात आधी पदराकडे जातो, तो सारखा केला जातो. मी मनात मोजत होते. पाच सेकंद. १२० फ्रेम. त्यातल्या शेवटच्या फार तर पाच त्या धप्पच्या.

मी २४ दिल्या होत्या.

त्या शेवटच्या चार बोटांनी मला पिंगुळीची आठवण करून दिली. पिंगुळी आमच्यापासून जवळ. शाळेची सहल दरवर्षी तिथे, इतकी की आम्हाला कंटाळा यायचा. ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापले सहलीतले फोटो टाकले होते. सहावीत असताना तिथल्या एका दादाने मला बाहुलीचे दोरे धरू दिले होते. मी पूर्ण ताकदीने हात वर खेचला, बाहुलीचा हात वर गेला. आता खाली आण म्हणाले. मी खाली ओढायला दोरा शोधू लागले. ते हसले आणि म्हणाले, खालचा दोरा नसतो, सोड. मी बोट सैल केलं आणि लाकडाचा हात स्वतःच्या वजनाने खाली आला, थोडा झुलला, थांबला. संगणकात ते सोडणं नाही. तिथे कशालाच वजन नाही, काहीच आपोआप खाली येत नाही. हात वर न्यायलाही मी लागते आणि पडायलाही मीच लागते. मी आजीला पावलापावलाने, सुबक वळणाने खाली आणून अलगद टेकवलं होतं. ती चार बोटं उरल्यावर दोरा सोडते, हे मला कुठे ठाऊक होतं? तिच्या गुडघ्यांना तेवढं शेवटचं ओझं पेलवत नाही, म्हणून ती ते जमिनीच्या ओढीवर सोपवते. हे कौशल्य म्हणायचं की हार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी चूक केली. म्हटलं, आजी, तू खुर्चीत बसतेस त्याचा व्हिडिओ काढू? तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "माझो काढतंस? थांब, लुगडां बदलतंय." अर्ध्या तासाने जरीकाठाचं नेसून, केसांना तेलाचा हात लावून आली. मी फोन धरला. आणि आजी बसली. भिंतीला हात नाही, मांडीवर तळवा नाही, पाठ ताठ, चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतला करारीपणा. दोन सेकंदांत खाली. धप्पही नाही. फक्त बसल्यावर तिच्या हाताची बोटं खुर्चीच्या कडेवर पांढरी पडली होती. "बरो इलो?" तिने विचारलं. बरा आला म्हटलं. पुन्हा काढू का, हे विचारायची हिंमत झाली नाही. तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे, रेफरन्स म्हणून काडीच्या उपयोगाचा नाही, आणि मी तो पुसणारही नाही.

चोरून काढता आला असता. ती रोज वीस वेळा बसते. एकदा फोन हातात घेतलाही, देवघराच्या दाराआडून. पण जी गोष्ट ती लुगडं बदलून झाकते, ती मी दाराआडून टिपायची, हे काही हाताला रुचेना. मग दीड दिवस मी नुसती बघत राहिले. गणपतीसमोर सगळे पाटावर, ती खुर्चीत. आरतीला उभं राहताना आधी पुढे झुकून दोनदा हेलकावा घेते, तिसऱ्याला उठते. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी निवडताना पाय लांब करून बसली, पण जमिनीवर नाही, खाटेवर. मी पानांच्या मागे, पाठकोऱ्या निमंत्रणपत्रिकेवर, काड्यांची माणसं काढत होते. चुलतभावाने विचारलं, हँगमॅन खेळतेस? हो म्हटलं.

विसर्जनानंतर पाहुणे पांगले आणि मी रिग पुन्हा उघडली. पोल टार्गेट दोन्ही बाहेर सरकवली. नुसतं तेवढ्याने ती बाई निराळी दिसू लागली, जणू कुणी तिचं वय आता तिला सांगितलं. मग एक स्लायडर केला, शून्य ते एक. शून्यावर गुडघे नाकासमोर, पाठ सरळ. एकावर गुडघे फाकलेले, कंबर मागे, खांदे पुढे, तळवा मांडीकडे ओढला जाणारा. एका जागी सगळं जोडलं की पुढे सोपं जातं. नाव द्यायच्या चौकटीत बोटं आपोआप टाइप करून गेली, ढोपर. वेळ मात्र स्लायडरवर येत नाही, ती एकेक की, म्हणजे कुठल्या फ्रेमला शरीर कसं असेल त्याची खूण, सरकवूनच वाढवावी लागते. २४ चे ११० केले, तिच्या १२० च्या जवळपास. शेवटच्या पाच फ्रेममध्ये काही हळुवार ठेवलं नाही. धप्प. मग एक फ्रेम स्तब्ध, मग खांदे खाली, मग पदर. पूर्ण फिल्म ३ मिनिटं २० सेकंदांची, म्हणजे ४,८०० फ्रेम, आणि रेंडर करायला, म्हणजे पक्कं चित्र तयार व्हायला, माझ्या लॅपटॉपवर एकेकीला दोन मिनिटं. सलग चालवला तरी पावणेसात दिवस. आमच्याकडे भाद्रपदात लाइट सलग पावणेसात तास राहिली तरी लोक एकमेकांना फोन करतात. म्हणून एकेक चित्र सुटं साठवायचं, लाइट गेली तर जाते ती एक फ्रेम.

रेंडर लावायच्या आधी आजीला दाखवायचं ठरवलं. लाइट नुकतीच गेली होती, लॅपटॉपची बॅटरी अर्धी. ती खाटेवर, मी शेजारी. स्पेसबार दाबला. बाई आली, भिंतीला हात लावला, तळवा मांडीवर ठेवला, आणि खाली येऊ लागली. आजी पुढे झुकली. धप्प झालं तेव्हा तिच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. पदर सारखा झाला. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू, शाबासकीची.

"एवढो त्रास कित्याक दिलंस गो तिका?" आजी म्हणाली. "पिक्चरात तरी बसांदे."

मला काही सुचेना. सांगावंसं वाटलं की तूच तर म्हणालीस. की हे तुझं आहे, मी दोन दिवस बघून आणलंय. यातलं काहीच बोलता आलं नाही. मी पडद्यावर तो स्लायडर काढला आणि तिचं बोट धरून टचपॅडवर ठेवलं. हे सरकव, म्हटलं. तिने घाबरत डावीकडे सरकवलं. पडद्यावरची बाई हळूहळू सरळ झाली, गुडघे जवळ आले, खांदे मागे गेले, तळवा मांडीवरून सुटला. आजीने बोट उचललं, जणू काही मोडलं. मग पुन्हा ठेवलं. उजवीकडे. बाई वाकली. डावीकडे. उठली. चारपाच वेळा ती त्या बाईला म्हातारी आणि तरुण करत राहिली, आधी भराभर, मग सावकाश, रेडिओवर स्टेशन लावतात तशी. शेवटी एका जागी थांबली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा चांगला दिसत होता, पण त्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

"हय ठेव."

इथेच का, मी विचारलं.

"तुझ्या बापाशीच्या लग्नात अशी होतंय मी."

मी आकडा बघितला. ०.३५. बॅटरी बावीस टक्क्यांवर आली होती, म्हणून आधी फाइल सेव्ह केली.